जुन्या एस्टीमला वेग हवा असेल, तर पैसा कोणत्या क्रमाने घालावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांनी वापरलेली २००४ सालची मारुती एस्टीम तुमच्या घरी उभी आहे. ती १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे, बॉनेटचा आणि टपाचा रंग उन्हाने विटला आहे, मागचा बंपर खरचटलेला आहे आणि मधल्या काळात बसवलेले सीएनजी किट अजून डिकीत आहे. बाहेरून ती अशीच दिसावी, पण महामार्गावर आणि घाटात तिने आजच्या चांगल्या गाड्यांच्या तोडीस तोड धावावे, अशी तुमची इच्छा आहे. हाताशी दोन लाख रुपये आहेत आणि टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवावा की एसएक्स४ गाडीचे सोळाशे सीसीचे इंजिन घालावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की या पैशात आणि या गाडीत या दोन्हींपैकी काहीही करू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षे मी इंजिनांचे काम करतो आहे आणि एस्टीमच्या इंजिनाचे हेड (व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग) किती वेळा उघडले याची मोजदाद ठेवलेली नाही. तुमच्या गाडीला जी ताकद विकत घ्यायची आहे, तिचा मोठा भाग तिच्याच इंजिनात होता आणि वीस वर्षांत तो हळूहळू हरवला आहे. तो परत मिळवणे हे सर्वांत स्वस्त, सर्वांत टिकाऊ आणि कायद्याला धरून असलेले काम आहे.

आधी गाडीकडे आकड्यांच्या नजरेने पाहू. एस्टीमचे १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन १२९८ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आणि नव्या अवस्थेत ताकद सुमारे ८५ अश्वशक्ती. गाडीचे वजन साधारण पावणेनऊशे किलो, म्हणजे एका टनामागे सुमारे ९७ अश्वशक्ती. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टचे बाराशे सीसीचे इंजिन सुमारे ८२ अश्वशक्तीचे आहे आणि गाडी नऊशे किलोंच्या थोडी वर आहे. म्हणजे टनामागे ९० च्या आत-बाहेर. वीस वर्षांपूर्वीची, लोक ज्या गाडीकडे वळूनही पाहत नाहीत ती एस्टीम, कागदावर आजही नव्या स्विफ्टच्या पुढे आहे. एस्टीम वर्षानुवर्षे आपल्याकडच्या रॅलींमध्ये आणि चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर धावली, ती याच बळावर. हलकी गाडी, वरच्या फेऱ्यांत मोकळे श्वास घेणारे हेड आणि मागेही स्वतंत्र सस्पेन्शन, एवढे भांडवल ती कारखान्यातूनच घेऊन आली आहे.

कायद्याची बाजू मी शेवटी सांगत नाही, कारण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. तुमच्या आरसीवर १२९८ सीसी लिहिलेले असताना खाली १५८६ सीसीचे इंजिन असेल, तर पुनर्नोंदणीच्या वेळी ते अडणारच. तुमची गाडी पंधरा वर्षांची मुदत केव्हाच ओलांडून गेली असल्याने दर पाच वर्षांनी तिला आरटीओत तपासणीसाठी उभे राहावे लागते. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला, तर कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते आणि त्या अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर त्या भरपाईचा भार तुमच्या घरावर येऊ शकतो. ज्यांना इंजिन बदलायचेच आहे, त्यांनी ती गाडी ट्रॅकसाठी वेगळी ठेवावी आणि ट्रेलरवरून न्यावी. घरच्या, रोज रस्त्यावर येणाऱ्या गाडीत हा धोका पत्करू नये.

दिसायला सामान्य पण आतून वेगवान अशा गाडीला परदेशात ‘स्लीपर’ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये तिला ‘क्यू-कार’ असेही नाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने साध्या व्यापारी जहाजांवर तोफा लपवून पाणबुड्यांना जवळ येऊ दिले. त्या ‘क्यू’ जहाजांवरून हे नाव आले. या तुलनेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या जहाजांचे रूप व्यापारी होते, पण आतली तोफ, तोफेखालचे डेक आणि ती चालवणारी माणसे पक्की होती. आपल्याकडे स्लीपर बांधणारे पुष्कळ तरुण रूप जुने ठेवतात आणि त्याबरोबर पत्रा, रबर, ब्रेकच्या नळ्या हेही जुनेच ठेवतात, आणि मग नुसत्या इंजिनावर पैसा ओततात. विटलेला रंग ठेवावा. कुजलेला पत्रा ठेवू नये.

म्हणून पहिले काम गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहणे हे आहे. दारांखालचे पट्टे, पुढच्या स्ट्रटचे (चाकावरच्या स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाचे) वरचे कप, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, डिकीचा तळ आणि कार्पेटखालची जमीन या जागा टोच्याने टोचून पाहा. टोच्या आत गेला, तर तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. चुंबकही सोबत ठेवा, कारण जुन्या अपघातानंतर पुट्टीने भरून काढलेली जागा चुंबक धरत नाही. गाडी काही वर्षे कोकणात किंवा गोव्यात वापरलेली असेल, तर ही तपासणी दुप्पट काळजीने करा. खारी हवा पत्र्याला आतल्या बाजूने खाते आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. स्ट्रटच्या कपांजवळचा पत्रा गेलेला असेल, तर मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की या गाडीवर वेगासाठी एक रुपयाही घालू नका. वेल्डिंग झालेल्या जागी आतून गंजरोधक लावून घ्या आणि बाहेरून फक्त प्रायमर व मूळ रंगाशी जवळचा हात द्या. पूर्ण गाडी रंगवण्याचा मोह टाळलात, की तुमचे पंचवीस-तीस हजार वाचतील आणि गाडीचे रूपही तुम्हाला हवे तसेच राहील.

त्यानंतर ब्रेक. इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगावा लागेल. धंद्यात नवा होतो तेव्हा मी एक एस्टीम घेतली होती. तिचे इंजिन मी स्वतः बांधले, ते सुंदर झाले, आणि ब्रेक मात्र पॅड नवे घालून तसेच सोडून दिले. आंबोलीचा घाट सावंतवाडीच्या बाजूला उतरताना, वळणामागून वळण येत असताना, चौथ्या की पाचव्या वळणावर पेडल जमिनीला टेकले. दुसऱ्या गिअरने आणि हँडब्रेकने गाडी डोंगराच्या बाजूला थांबली. शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. कारण नंतर समजले. ब्रेक ऑइल कित्येक वर्षे बदललेले नव्हते, त्यात हवेतील ओल शिरली होती आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) उष्णतेने ते उकळून नळीत वाफ झाली होती. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओल धरल्यावर ही किमान मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेव्हापासून वेगासाठी आलेल्या कोणत्याही गाडीचे बॉनेट मी ब्रेकच्या आधी उघडत नाही.

वेग वाढला की ब्रेकवरचा भार किती वाढतो, याची कल्पना नुसत्या अंदाजाने येत नाही. दोन माणसांसह तुमची गाडी साधारण एक टन धरली, तर ताशी १०० किलोमीटरला तिच्यात सुमारे ३८५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते आणि १४० ला ती साडेसातशेच्या वर जाते. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला, पण डिस्कला पचवायची उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. त्यामुळे पुढच्या डिस्क जाडीच्या मर्यादेत आहेत का ते मायक्रोमीटरने मोजा, मर्यादेखाली असतील तर बदला. चाकांजवळच्या चारही रबरी नळ्या नव्या घाला, कारण वीस वर्षांची नळी दाबाखाली फुगते आणि पेडल मऊ होते. कॅलिपरच्या पिस्टनची सीले आणि स्लाइड पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावा. मागच्या ड्रममधले सिलिंडर गळत नाहीत ना ते पाहा. मास्टर सिलिंडरचे किट बदला आणि सगळ्या यंत्रणेत डॉट ४ भरा. ते दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी चालो किंवा उभी राहो. मोठ्या डिस्क किंवा रंगीत कॅलिपर या गाडीला लागत नाहीत. मूळ ब्रेक नव्यासारखे असले, तर पावणेनऊशे किलोंना ते पुरेसे आहेत.

टायरच्या बाबतीत कंजूषी करू नका. कडेवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली, तरी सहा-सात वर्षांपुढचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. एस्टीमचा १७५/७० आर१३ हा टायर सुमारे ५७५ मिलिमीटर व्यासाचा भरतो आणि १८५/६० आर१४ हा ५७८ च्या आसपास, त्यामुळे चौदा इंची साध्या लोखंडी रिमवर हा टायर घातला तर स्पीडोमीटरही बिघडत नाही आणि दारातून पाहणाऱ्याला फरकही कळत नाही. मात्र रिमच्या बोल्टांचे अंतर आणि ऑफसेट तंतोतंत जुळले पाहिजेत. त्यावर मूळ प्लास्टिकची चाकटोपी लावली, की काम झाले. अलॉय चाके या गाडीला घालू नका. तिचे सोंग तिथेच उघडे पडते.

सस्पेन्शनमध्ये गाडी खाली बसवणे म्हणजे सुधारणा, असा समज आहे. आपल्या रस्त्यांवर खाली बसवलेली एस्टीम चांगल्या वळणावर जितके कमावते, त्याहून जास्त पुढच्या खड्ड्यात गमावते. चारही शॉकअप नवे, पुढच्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी), बॉल जॉइंट, मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे बुश आणि इंजिनाचे सगळे माउंट बदलून शेवटी संगणकावर व्हील अलाइनमेंट करून घेतले, की हीच गाडी वळणात किती शहाण्यासारखी वागते ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. वीस वर्षांचे रबर डोळ्यांना चांगले दिसते, पण पहारीने ढकलून पाहिले की बुशचा गाभा मोकळा हलतो. इंजिनाचे माउंट मेलेले असतील, तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन आधी स्वतः डोलते आणि मग गाडी पुढे जाते. पुष्कळांना हे ‘पिकअप नाही’ असे वाटते.

आता इंजिन, आणि इथे मी सविस्तर थांबणार आहे. काहीही उघडण्यापूर्वी मोजमाप करा. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) घ्या. निरोगी इंजिनात ते चौरस सेंटिमीटरला १२ ते १४ किलोंच्या दरम्यान यावे आणि चारांमधला फरक एका किलोहून जास्त नसावा. एखादा सिलिंडर कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केटमध्ये दोष आहे. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांमध्ये मला बहुतेक वेळा दुसरा प्रकार आढळतो. पेट्रोल व्हॉल्व्हच्या सीटवर थोडा ओलावा आणि थंडावा आणते; गॅस कोरडा असतो, त्यामुळे सीट हळूहळू खचत जाते, व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (त्याच्यासाठी ठेवलेली बारीक फट) संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. वेळच्या वेळी क्लिअरन्स तपासला असता तर हे टळले असते, पण गॅसच्या गाड्यांना ते नशीब सहसा लाभत नाही.

त्याच दिवशी कूलिंगही पाहा. आपल्याकडे एक वाईट सवय रुजली आहे: गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेते, महामार्गावर वाऱ्याने पुन्हा थंड होते आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) वाटते की इंजिन अजून गरम व्हायचे आहे. तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे होतात, ॲव्हरेज पडते आणि गाडी जड वाटते. एस्टीममध्ये थर्मोस्टॅट नसणे हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता तेच आधी तपासतो. नवा थर्मोस्टॅट, साफ किंवा नवा रेडिएटर, नवे पाइप आणि नळाच्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट, एवढ्या साध्या खर्चाने गाडीच्या वागण्यात जो फरक पडतो, तो कित्येक महागड्या भागांनीही पडत नाही.

सायलेन्सरची नळी आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जुन्या गाड्यांत आतून चोंदलेले असतात. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक बसवा आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर धरा. दाब ०.२ बारच्या वर गेला, तर पुढे कुठेतरी अडथळा आहे हे निश्चित समजा. कन्व्हर्टर मोडून टाकणे हा उपाय नाही. ते बेकायदा आहे आणि पीयूसीतही अडकते. नवा कन्व्हर्टर बसवा. मूळ सायलेन्सरच्या आतले पडदे गंजून पडले असतील तर तोही नवा घ्या, आणि मूळ मापाचाच घ्या. ज्या गाडीच्या आवाजावरून सगळे वळून बघतात, तिचा चेहरा साधा ठेवून काय उपयोग?

कॉम्प्रेशन कमी आले, तर हेड खाली उतरवावेच लागेल, आणि तुमच्या दोन लाखांपैकी सर्वांत जास्त मोबदला देणारे काम हेच आहे. हेड रासायनिक टाकीत धुऊन, सपाटी पट्टीने तपासून, गरज असेल तेवढेच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे. अधिक कॉम्प्रेशन मिळावे म्हणून हेड जास्त घासण्याचा आग्रह बरेच जण धरतात, त्याचा हिशेब सांगतो. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ घनसेंटिमीटर आहे. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ९ धरले, तर ज्वलनकक्ष सुमारे ४०.६ घनसेंटिमीटरचा होतो. अर्धा मिलिमीटर घासल्याने त्यातून पावणेदोन घनसेंटिमीटरच्या आसपास जागा जाईल आणि गुणोत्तर ९.३ ते ९.४ होईल. फायदा लहान, आणि त्यासोबत हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टवर चालणारा कॅमशाफ्ट किंचित मागे पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. हा फरक सुधारून घेतला नाही, तर मिळवलेले बरेचसे तिथेच जाते. म्हणून मी फेसिंग सपाटीपुरतेच ठेवतो आणि सगळी मेहनत व्हॉल्व्हवर घालतो.

सोळाही व्हॉल्व्हच्या सीटा तीन कोनांत कापून घ्या. मधला ४५ अंशांचा कोन व्हॉल्व्ह मिटवतो. वरचा आणि खालचा कोन हवेला वळण सोपे करतात. हे काम चांगल्या मशीनवर, अनुभवी हाताने झाले पाहिजे. त्यानंतर लॅपिंग पेस्टने हाताने बसवणी, नवी गाइड सीले, आणि पोर्टमध्ये कारखान्यात राहिलेल्या ओतकामाच्या धारा घासून काढणे. इनटेक पोर्ट मोठा करू नका आणि आरशासारखा चकचकीतही करू नका. या आकाराच्या इंजिनाला हवेचा वेग हवा असतो, पोकळी नव्हे. मॅनिफोल्ड आणि हेड यांची भोके एकमेकांना जुळतात का, गॅस्केटची कडा मध्ये येते का, हे मात्र काटेकोर पाहा. मी याच कामासाठी एका हेडला पूर्ण दोन दिवस देतो. गिऱ्हाइकाला बाहेरून काहीच दिसत नाही, तरीही मला यात सर्वांत जास्त समाधान मिळते.

रिंगा गेल्या असतील, तर बोअरिंग-होनिंग करून अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइजचे पिस्टन घालता येतात. त्याने इंजिन १३१६ सीसीचे होते, म्हणजे जेमतेम दीड टक्का वाढ. ही दुरुस्ती आहे, ताकदीसाठी तिच्याकडे पाहू नये. क्रँक मर्यादेत असेल तर त्याला हात लावू नका. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप मात्र गाडी किती चालली हे न पाहता बदला, कारण रबर किलोमीटरने जेवढे जुने होते तेवढेच वर्षांनीही होते.

सीएनजी किटविषयी. साठ लिटरचा लोखंडी सिलिंडर रिकामा असतानाही साठ किलोंच्या आसपास असतो, आणि तो मागच्या ॲक्सलच्या वर बसलेला असतो. तो काढला की गाडीचे जवळपास सात टक्के वजन एका फटक्यात उतरते आणि मागची बाजू पुन्हा मूळ उंचीवर येते. इतके वजन कमी करायला रेसिंगच्या गाड्यांत लोक लाखो रुपये खर्च करतात. किट अधिकृत ठिकाणी उतरवा आणि आरटीओत इंधनाची नोंद फक्त पेट्रोल अशी करून घ्या. इनटेकमध्ये गॅससाठी बसवलेला मिक्सर काढायला विसरू नका. तो हवेची वाट अडवतो आणि किट काढल्यावरही कित्येक गाड्यांत तसाच राहतो. पुढे मागे बसवलेले लोखंडी गार्ड असतील तर तेही काढा, २०१७ पासून केंद्राने त्यांच्यावर बंदी घातलेली आहे. डिकीतला गाण्यांचा मोठा खोकाही उतरवा. आतली गादी, दारांचे पॅड, मागची सीट, स्टेपनी मात्र राहू द्या. गाडी घरची आहे आणि घरच्यांना तिच्यात बसायचे आहे.

इंधनाची एक नवी अडचण जुन्या गाड्यांपुढे आली आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपासच. तुमचा ईसीयू जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने इंजेक्टर उघडतो. मंद चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईसीयू सेन्सरकडे पाहत नाही आणि नेमक्या त्याच वेळी, सर्वांत जास्त भाराखाली, मिश्रण पातळ होते. म्हणून इंजेक्टर मशीनवर साफ करून चारांचा प्रवाह मोजून घ्या, इंधन फिल्टर बदला, पंपाचा दाब तपासा, जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी बदला आणि ऑक्सिजन सेन्सर नवा घाला. मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावून पूर्ण भाराचे मिश्रण एकदा पाहा.

इनटेकमध्ये मूळ एअर फिल्टरचा डबा ठेवा. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि आवाज करतो; मूळ डब्याचा नळ पुढून थंड हवा घेतो. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहेत आणि या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते. तीच गाडी तुम्ही मालवणला नेलीत की ती अधिक जोरात धावेल, ती तुमच्या ट्यूनिंगची करामत समजू नका.

टर्बोविषयी तुमचे मन अजून पूर्ण वळले नसेल, हे मी जाणतो. या इंजिनात टर्बो बसतो. पण त्यासोबत मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू, इंटरकूलर, मजबूत क्लच, ऑइलची वेगळी वाट आणि अनेक दिवसांचे ट्यूनिंग लागते, आणि मूळ ओतीव पिस्टन दाबाखाली चूक एकदाही माफ करत नाहीत. त्या खर्चात ज्या गाड्या कारखान्यातूनच टर्बो घेऊन आल्या, त्यांपैकी एक जुनी, दुर्लक्षित गाडी येते. पहिल्या पिढीची १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया व्हीआरएस किंवा ११४ अश्वशक्तीची फियाट लिनिया टी-जेट पाहा. आरसीवर तेच इंजिन, कंपनीचेच ब्रेक, आणि बाहेरून ओळखू न येणारे रूप. सुटे भाग महाग आणि कधी कधी दुर्मीळ आहेत, हे खरे. टर्बोचीच ओढ असेल, तर ती गाडी घ्या. वडिलांच्या एस्टीमला तिच्या स्वभावाप्रमाणे, हलकी आणि वरच्या फेऱ्यांत खुलणारी, राहू द्या.

दोन लाखांची वाटणी मी ढोबळमानाने अशी करीन: पत्रा आणि वेल्डिंगला पंचवीस हजार, ब्रेकला बावीस, टायर आणि रिमना पस्तीस, सस्पेन्शन आणि माउंटना तीस, हेड व इंजिनाच्या कामाला पंचावन्न, कूलिंगला बारा. वीस-एकवीस हजार शिल्लक ठेवा. गाडी उघडल्यावर काहीतरी निघतेच. कॉम्प्रेशन चांगले आले आणि हेड उतरवायची गरज पडली नाही, तर वाचलेले पैसे उडवू नका. एखाद्या ट्रॅक डेला, चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर, एक दिवस प्रशिक्षकाबरोबर चालवण्यासाठी ते ठेवा. गाडी पूर्ण ताकदीने चालवायची जागा तीच आहे. गर्दीच्या महामार्गावर किंवा घाटात कोणाशी शर्यत लावण्यासाठी ही गाडी बांधू नका.

काम सुरू करण्याच्या आधी एका रविवारी सकाळी लवकर एक मोजणी करून ठेवा. एखादा मोकळा, सरळ आणि सपाट रस्ता निवडा, टाकी अर्धी, गाडीत तुम्ही आणि मोबाइलवर जीपीएसने वेळ नोंदवणारा एक सोबती. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चाळीसला स्थिर करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ऐंशीपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, हवेच्या तापमानासह. शून्य ते शंभरची मोजणी क्लच सोडणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते, ही मोजणी फक्त इंजिनाची आणि वजनाची असते, आणि ती वेगमर्यादेत बसते. किट उतरवल्यावर पुन्हा मोजा, थर्मोस्टॅट आणि सायलेन्सर झाल्यावर पुन्हा, हेड झाल्यावर पुन्हा, त्याच रस्त्यावर आणि जमेल तितक्या सारख्या हवेत. कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि पहिल्या दिवसाची ही वेळ मला कळवा, म्हणजे हेड उतरवायचे की नाही ते ठरवता येईल.